दवण्याचे तेल कोणी नेले

चैत्र लागला की पौर्णिमेच्या आधीच कोरेगावच्या बाजारात दवण्याच्या जुड्या येतात. ओल्या गोणपाटावर मांडलेल्या, करड्या-हिरव्या, झिपऱ्या पानांच्या. परवा एका विकणाऱ्या बाईने त्यातली एक उचलली आणि सरळ माझ्या नाकासमोर धरली. "हुंगून तर बगा आजोबा, कसा घमघमतोय!" मी मान वळवली. बरोबर माझा पुतण्या विलास होता. तो निवृत्त शिक्षक आहे आणि निवृत्त झाल्यापासून अधिकच शिकवतो. तो त्या बाईला म्हणाला, "आमचे काका देवीच्या आधी दवण्याचा वास घेत नाहीत. श्रद्धा आहे त्यांची."

बाईने जुडी आदराने खाली ठेवली. भर बाजारात पुतण्याला खोटे पाडणे बरे दिसत नाही. मात्र कागदावर ती अडचण नाही.

गावच्या टेकडीवरच्या देवळाचे नुकतेच नवे बांधकाम झाले. गाभाऱ्याबाहेर संगमरवरी पाटी बसवायची ठरली आहे आणि तिच्यावरचा मजकूर विलासने रचला आहे. 'हवालदार अमुक अमुक यांनी स्वहस्ते काढलेले दवण्याचे तेल श्रद्धापूर्वक देवीचरणी अर्पण केले.' त्याने तो मला मोठ्याने वाचून दाखवला आणि कौतुकाची वाट पाहत थांबला. मी म्हटले, या एका वाक्यात नाव तेवढे बरोबर आहे. तो हसला. म्हाताऱ्या माणसांचा राग हसण्यावारी नेता येतो, असा तरुणांचा समज असतो, आणि आमच्या घरात साठीला टेकलेला विलास अजून तरुणांत मोडतो.

तो उन्हाळा बहात्तरच्या दुष्काळानंतरचा. औंधच्या वाटेवर, टेकडीच्या मावळतीला आमचे गाव. मी लष्करात कारकुनी करून परतलो होतो. नोकरीची काही वर्षे उत्तरेत गेली आणि तिथे कनौजच्या गल्ल्यांतून अत्तर काढणाऱ्यांच्या भट्ट्या मी रजेच्या दिवशी उभा राहून पाहिल्या होत्या. इतर जवान सिनेमाला जात. मला भट्टीतून निघणाऱ्या वासाचे कोडे पडे. फूल सुकते, पान कुजते, आणि त्यांतला वास मात्र पाण्यावर तरंगणाऱ्या थेंबात जिवंत राहतो, हे मला कवायतीपेक्षा अधिक शिस्तीचे वाटे.

परत आलो तेव्हा घरामागच्या परड्यात सगळे तयारच होते. मोरीच्या पाण्यावर वाढलेला गवती चहा, त्याच्याशेजारी मरवा, तुळशीच्या कट्ट्याला टेकून पाचेचे झुडूप, आणि विहिरीच्या पाटाकडेला वाळ्याचे जुने बेट. पाचेचे पान बोटांत चुरगळले की ओल्या जमिनीचा वास येई. मरवा चुरगळावा लागत नसे, नुसता परकर घासून गेला तरी तो जागा होई. वाळा वरून गवतासारखा मुका. त्याचे सारे बोलणे मुळांत. उन्हाळ्यात माठाच्या तोंडाशी त्याची जुडी सोडली की पाणी पिताना घशात सावली उतरल्यासारखी वाटे. बायका गजऱ्यात मरवा घालत, पोरांना सर्दी झाली की गवती चहा उकळत. पण हे सगळे मिळून एक उत्पन्न आहे, असे त्या परड्याकडे कोणी पाहिले नव्हते. मी पाहिले. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवीत नाही.

दवणा मात्र परड्यात नव्हता. तो विहिरीखालच्या रानात, राखून ठेवलेल्या वाफ्यात होता, आणि तो आमचा नव्हता. तो देवीचा होता.

आमच्या गावची रीत अशी की, चैत्री पौर्णिमेला पहिला दवणा टेकडीवर जातो आणि तोवर गावात कोणी दवण्याचा वास घ्यायचा नाही. कापणाऱ्या बायका नाकावर पदर बांधतात, बांबूच्या पाटीवर ओले फडके झाकतात आणि वाऱ्याकडे पाठ करून चालतात. ती पहिली पाटी डोक्यावरून नेण्याचा मान आमच्या घरच्या सुनेचा. माझ्या आईने तो अनेक वर्षे सांभाळला. मग दुष्काळात विहीर आटली, दवणा पेरला गेला नाही, देवीला नुसत्या हळदकुंकवावर राहावे लागले. आणि त्याच काळात आई गेली. त्यामुळे पाऊस बरा झाल्यावरचा पहिला दवणा पेरला तो हौसाने. हौसा माझी पत्नी.

तिचे माहेर आटपाडीकडचे, मेंढपाळांचे. लग्न होऊन आली तेव्हा दवणा कशाशी खातात हेही तिला ठाऊक नव्हते. "आमच्याकडं वास म्हंजी मेंढराचा," ती म्हणे, "त्यो घ्यायला कुणी पौर्णिमा बगत न्हाई." गावातल्या बायका तिला या बोलण्यावरून हसत आणि तिच्यापासून थोड्या दूरही राहत. सासूच्या मागे ती पाटी उचलणार म्हणताच एकीने पाणवठ्यावर विचारलेच होते, "दुष्काळातली सून, तिला दवणा उगवंल का गं?" दवण्याचे बी धुळीसारखे बारीक. ते राखेत कालवून हौसाने कार्तिकात टाकले आणि रोप दिसेपर्यंत झारीखेरीज दुसऱ्या कशाने पाणी दिले नाही. विहिरीत पाणी बेताचे होते. आधी दवणा, मग म्हैस, मग आम्ही, असा तिचा त्या हिवाळ्याचा क्रम होता.

त्याच वाफ्याला लागून मी दुसरा वाफा केला. मध्ये बांध घातला. माझा दवणा तेलासाठी. सांगलीच्या पेठेत एक अत्तरवाले होते, मी काढलेले गवती चहाचे आणि मरव्याचे तेल त्यांनी हातावर चोळून पाहिले होते आणि म्हटले होते, "हे कुणीही काढील, हवालदारसाहेब. दवण्याचं आणा, मग बसून बोलू." बसून बोलू याचा अर्थ मी एकरभर दवण्याचा सौदा असा घेतला. कोणीही तसाच घेतला असता.

आता माझ्यावरच्या मुख्य आरोपाकडे येतो. गावात आजही सांगतात की हवालदाराने मस्तीने, रीत मोडायची म्हणूनच, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी भट्टी पेटवली. हे धादांत खोटे आहे. दवण्याला तेल धरते ते बारीक पिवळसर फुले उमलतात तेव्हा. त्या वर्षी ऊन लवकर चढले, फुले लवकर आली, आणि विहिरीचा तळ दिसू लागला. आणखी दोन-तीन दिवस थांबतो तर हाती वैरण आली असती. देवीला पान चालते, फूल चालते, कोवळे चालते, जून चालते. तेलाला चालत नाही. देवीच्या वाफ्याला मी बोट लावले नव्हते.

भट्टी म्हणजे काय, याबद्दलही विलासच्या भाषणातून भलत्याच कल्पना पसरल्या आहेत. अंघोळीचे पाणी तापवायचा आमचा मोठा तांब्याचा हंडा, आत बांबूची जाळी, जाळीखाली पाणी, जाळीवर दवणा. साताऱ्याच्या तांबटाकडून घडवून आणलेले घुमटासारखे झाकण, त्याच्या फटीला कणकेचा लेप. झाकणातून निघालेली नळी गुरांच्या दगडी डोणीतल्या गार पाण्यातून जायची आणि पलीकडे अरुंद मानेच्या बाटलीत उतरायची. पानांतून वाफ निघते, ती गार नळीत निवते, पाण्यावर तेलाचा पातळ तवंग येतो. यात जादू नाही आणि शास्त्राचा डांगोराही नाही. सारी मदार डोणीतल्या गार पाण्यावर. डोणीतले पाणी तापले की वाफ निवत नाही. ती तशीच नळीच्या तोंडातून सुटते आणि वाट फुटेल तिकडे जाते.

त्या दुपारी हौसा विहिरीवरून घागरी आणून डोणीत ओतत होती. नाकावर पदर. मीही उपरणे बांधले होते, कारण धुराने डोळ्यांना पाणी येत होते. तेल उतरायला लागले होते. मधासारखे, पण मधापेक्षा गडद. मी बाटलीकडे पाहत होतो. तेवढ्यात ती रिकामी घागर घेऊन परत आली.

"आवं, पाणी न्हाई. नुस्ता गाळ येतोय."

"घटकाभर थांब, झरा भरेल."

"झरा भरंल, पर तुमची डोण उकळायला लागली की."

खरेच डोणीतून वाफा निघत होत्या. मी जाळ ओढला, पण तापलेला हंडा हुकमाने थांबत नाही. आणि मग तो वास सुटला. मी तो घेतला नाही, असे मी म्हणत नाही. तो घ्यावा लागतच नव्हता. आधी सुक्या गवतासारखा, मग पिकलेल्या फळासारखा आणि शेवटी किंचित जळका, भट्टीचा. तो परड्याची भिंत ओलांडून आळीत गेला. आळीतून चावडीकडे. पिठाच्या गिरणीत दळण घेऊन बसलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिले. देवळाच्या वाटेवर पताका बांधणारी माणसे शिडीवर थबकली. सारे गाव, तान्ह्या पोरांसकट, देवीच्या आधी दवणा हुंगून बसले.

लोक म्हणतात, देवीनेच त्या दुपारी वारा फिरवला. काही म्हणतात पश्चिमेचा होता, काही म्हणतात वावटळ होती. मी सांगतो, वारा नव्हताच. चावडीपुढच्या पिंपळाचे पानही हलत नव्हते, आणि पिंपळाचे पान हलायला निमित्त लागत नाही. पाणी संपले, एवढेच घडले. आणखी एक कुजबुज आहे, ती मला अधिक बोचते: म्हणे हौसाने मुद्दाम पाणी थांबवले. ज्या बाईने सारा हिवाळा म्हशीच्या आधी दवण्याला पाणी पाजले, तिच्याबद्दल हे बोलवते कसे, ते बोलणाऱ्यांनाच विचारावे. तिच्या घागरीच्या बुडाला लागलेला गाळ मी डोळ्यांनी पाहिला आहे.

दिवस मावळायच्या आत पिंपळाच्या पारावर माणसे जमली. बोलणारे मुख्य होते दौलूनाना. गावच्या रीतिभाती त्यांच्या तोंडी असत आणि त्यांच्या तोंडातून त्या नेहमी थोड्या कडकच बाहेर पडत.

"काय रं हवालदारा," ते म्हणाले, "देवीच्या आधी आख्ख्या गावाला जेवू घातलंस की तू."

"नाना, देवीचा वाफा जसाच्या तसा आहे. मधे बांध आहे. बघून या."

"बांध तू घातलास गड्या. वास काय बांध वळखतो व्हय?"

माणसे हसली. मग नाना हसायचे थांबले आणि म्हणाले, "वास घेतल्याला दवणा देवीला चालत न्हाई. त्यो उष्टा. यंदा तुमच्या घरची पाटी टेकडीवर चढायची न्हाई."

"मग दुसऱ्या कोणाची चढणार? दवणा आहे कोणाकडे?"

"कुणाचीच न्हाई. दुष्काळात ऱ्हायली तशी ऱ्हाईल देवी."

पाराच्या कडेला बायका उभ्या होत्या. त्यांच्यात हौसा होती. मी तिच्याकडे पाहिले ते एकदाच. तिने रडावे, अशी काहींची अपेक्षा होती. 'ती रडली' असे विलास सांगतो; पण तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि गिरणीमागे गोट्या खेळत होता. ती रडली नाही. पाणवठ्यावर जिने 'दवणा उगवंल का' म्हणून विचारले होते, ती तिच्या शेजारीच उभी होती आणि आता काय होते ते पाहत होती. हौसाने पदर सारखा केला आणि नानांना विचारले,

"नाना, वास कशाचा घेतला गावानं?"

"दवण्याचा. आनि कशाचा?"

"वाफेचा घेतला. बाटलीतल्याचा कुणी घेतलाय का?"

ती माझ्याकडे वळली. चारचौघांत नवऱ्याला प्रश्न विचारण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती. तिने विचारला.

"तुमी घेतलाय?"

"नाही," मी म्हटले.

हे खरे होते. आणि इथेच विलासची 'श्रद्धा' उगवते. मी बाटलीचे बूच लावून त्यावर मेण ओतले होते ते देवीसाठी नव्हे. नुकत्या उतरलेल्या तेलाला भट्टीचा कच्चा वास असतो. ते मुरेपर्यंत नाकाला लावू नये, नाहीतर त्याच्याविषयी चुकीचे मत होते, असे कनौजला एका वृद्ध कारागिराने माझ्यासमोर आपल्या मुलाला बजावले होते. मी तो नियम पाळला. कामाचा नियम होता. त्याला श्रद्धा म्हणणे म्हणजे माझ्या कामाचा अपमान आहे.

"मग त्यो उष्टा न्हाई," हौसा म्हणाली. "सगळ्या दवण्याचा जीव त्या बाटलीत हाय. उद्या पाटीतनं त्योच न्हेते."

दौलूनानांनी डोके खाजवले. मग मागून कोणी तरी म्हणाले, "बाई वकील हुयाला पायजे हुती," आणि नानाही हसले. "न्हे बाई," ते म्हणाले. "पर बूच देवीम्होरंच काढायचं." हसण्यात परवानगी दिली म्हणजे ती मागे घेता येत नाही, हे त्यांना घरी गेल्यावर कळले असावे.

मला कोणी विचारले नाही. तेल माझे होते, सांगलीला न्यायचे होते, एकरभर दवण्याचा बेत त्याच्यावर उभा होता. तिने माझी परवानगी मागितली नाही आणि मी ती दिली नाही. मी 'नको' म्हणालो नाही, एवढे मात्र कोणालाही सिद्ध करता येईल. 'हवालदारांनी हात जोडून तेल पुढे केले' हे विलासचे वाक्य ऐकायला छान आहे. माझे हात त्या वेळी पाठीमागे होते. लष्करातली सवय.

सकाळी ती निघाली. तीच मोठी पाटी, जिच्यात दरवर्षी दवणा कडेबाहेर सांडायचा. तीत ओले फडके, आणि फडक्याखाली करंगळीएवढी बाटली. डोक्यावर रिकामी पाटी असावी तशी ती हलकी चालत असेल असे वाटेल. तशी चालत नव्हती. मान ताठ, एक हात पाटीला, पावले भरल्या पाटीच्या वजनाची. हलगी पुढे. मागून बायका. मी दारातून पाहिले ते वळणापर्यंतच. टेकडीवर गेलो नाही. हंडा घासायचा होता, नळी धुवायची होती. तेलकट भांडे वाळले की निघत नाही. 'काका रुसून बसले' हीदेखील एक आवृत्ती आहे. रुसलेला माणूस भांडी घासत नाही.

वर काय झाले ते मी ऐकलेले आहे, पाहिलेले नाही, म्हणून त्यावर साक्ष देत नाही. बूच निघताच गाभाऱ्यातली माणसे मागे सरकली म्हणे. तिने सारी बाटली देवीच्या पायांवर ओतली, थेंबही राखला नाही, आणि पाषाणाला हातांनी चोळली. पुढे पावसाळ्यापर्यंत गाभाऱ्याला वास होता, असेही सांगतात. असेल. मी पावसाळ्यानंतर गेलो.

पुढच्या वर्षी मी दवणा काढला नाही, तो देवीच्या धाकाने, हेही खरे नव्हे. नदीवरून पाण्याची योजना आली, भावाने ते रान उसाला घेतले, आणि उसापुढे दवण्याचे कोण ऐकतो? हंडा परत अंघोळीच्या पाण्याला लागला. हौसाने देवीचा वाफा परड्यात हलवला आणि पुढे कितीतरी वर्षे पाटी नेली. पाणवठ्यावरची ती बाई पुढे दर कार्तिकात तिच्याकडून राखेत कालवलेले बी मागून नेई. आता हौसा नाही. वाफा आहे, विलासची सून त्याला नळाने पाणी घालते आणि रोपे वाहून जातात.

विलासला मी सांगितले आहे की पाटीवर एवढेच कोरावे: 'हे तेल हौसाने नेले.' तो म्हणतो, "काका, 'नेले' बरे दिसत नाही हो. चोरून नेल्यासारखे वाटते. 'अर्पण केले' म्हणू या, तिचे नाव घालू या." मी म्हटले, जे माझे होते ते तिने नेले, आणि म्हणूनच ते देवीपर्यंत पोचले. मी दिले असते तर सांगलीपर्यंत गेले असते. संगमरवर बसेल तर या शब्दाने, नाहीतर भिंत कोरी राहू दे. पौर्णिमेला अजून अवकाश आहे. पाथरवट थांबला आहे.

राहिला एक प्रश्न, जो लोक मला सभ्यपणे विचारतात आणि ज्याचे उत्तर विलास माझ्या आधी देतो: ते तेल होते तरी कसे? तो चंदन म्हणतो, केवडा म्हणतो, स्वर्गीय म्हणतो. त्याने ते हुंगलेले नाही. मी बाटलीतून हुंगलेले नाही. पण उत्तर मला ठाऊक आहे.

पौर्णिमेच्या दुपारी हौसा टेकडीवरून उतरली, हातपाय धुतले आणि चुलीपुढे बसली. ज्वारीचे पीठ मळले, भाकऱ्या थापल्या. तेल साध्या पाण्याने बोटांवरून जात नसते. ताटात भाकरी पडली, मी तुकडा मोडला, आणि आतल्या वाफेबरोबर तो वर आला. भट्टीचा कच्चेपणा रात्रीतून पार गेला होता. फळाचा गोडवा मागे, त्यामागे कडसर पाला, आणि सगळ्यांत शेवटी, अगदी खाली, तापलेल्या दगडासारखे काहीतरी, जे मी कनौजलाही कधी अनुभवले नव्हते. तेल उत्तम उतरले होते.

मी एरवी दोन भाकऱ्या खातो. तिसरी मागितली.

"आनि?" तिने विचारले.

"वाढ."

तेव्हा ती हसली, असे विलास पुढेमागे लिहीलच. मला ते सांगता येणार नाही. मी ताटाकडे पाहत होतो.